सिंहभूमच्या ताम्रपट्ट्यातील युरेनियमचे अन्वेषण

जेथे एकदा धातू सापडला तेथे तो पुन्हा सापडण्याचा संभव असतो, या समजुतीवर खनिज-अन्वेषणाचा फार मोठा भाग उभा राहिलेला आहे. ही समजूत निराधार नाही. भूकवचातील ज्या दुर्बल पट्ट्यांतून एका काळी धातुयुक्त द्रव वर चढले, त्याच वाटांनी दुसऱ्या काळी दुसरे धातूही आलेले असतात. परंतु जुन्या खाणी ज्या धातूसाठी खोदल्या गेल्या तो धातू एक आणि अन्वेषक ज्याच्या शोधात आहे तो दुसरा, असे असते तेव्हा या समजुतीचा अर्थ फार काळजीपूर्वक लावावा लागतो. जुना खाणकरी आपल्यामागे दोन प्रकारचा पुरावा ठेवून जातो : त्याने काय काढून नेले याचा आणि त्याने काय टाकून दिले याचा. युरेनियमच्या बाबतीत दुसरा पुरावा अधिक मोलाचा, आणि तोच वाचावयास अधिक कठीण. आजच्या झारखंडातील (२००० सालापर्यंत बिहारमधील) सिंहभूमचा ताम्रपट्टा हे याचे भारतातील सर्वांत बोधप्रद उदाहरण होय.

टाकून दिलेल्या दगडाचे महत्त्व प्रथम कळले ते युरोपात. बोहीमियातील योआखिमस्टाल, म्हणजे आजचे चेक देशातील याखिमोव्ह, येथे १५१६ साली चांदीच्या खाणींमुळे गाव वसले. चांदीच्या शिरांबरोबर तेथे एक काळा, डांबरासारख्या चकाकीचा व विलक्षण जड दगड निघत असे. तो लागला की चांदी संपत आली असे खाणकरी समजत आणि तो दगड बाहेर फेकून देत. हाच पिचब्लेंड. त्यातून १७८९ साली क्लापरोट याने युरेनियम हे नवे मूलद्रव्य ओळखले. त्याच्याजवळचा नमुना मात्र पर्वतरांगेच्या सॅक्सनीकडील बाजूस असलेल्या योहानगेओर्गनश्टाट येथील खाणीतला होता. पुढे काचेला व चिनी मातीच्या भांड्यांना रंग देण्यासाठी याखिमोव्ह येथे युरेनियम काढले जाऊ लागले, आणि युरेनियम काढून उरलेला चोथा पुन्हा बाहेर पडू लागला. मारी व पिएर क्यूरी यांनी रेडियम वेगळे केले ते या चोथ्यातून. दुसऱ्या महायुद्धानंतर या पर्वतराजीच्या दोन्ही अंगांनी युरेनियमचा शोध सुरू झाला तेव्हा पहिला मागोवा चांदीच्या जुन्या विवरांचा व त्यांच्या तोंडाशी पडलेल्या ढिगाऱ्यांचा घेण्यात आला.

याखिमोव्हचा दाखला सिंहभूमला जसाच्या तसा लागू पडेल असे मानणे मात्र चुकीचे ठरले असते. तेथील पिचब्लेंड शिरांमध्ये गोळ्यागोळ्यांनी साठलेला असे. तो डोळ्यांना दिसे, हाताला जड लागे, म्हणूनच तो वेगळा काढून फेकता येई. सिंहभूममधील युरेनिनाइट हे खनिज खडकात अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने विखुरलेले आहे. हे कण सूक्ष्मदर्शकाखेरीज ओळखू येत नाहीत. तेथील प्राचीन खाणकऱ्याने युरेनियम टाकून दिले असे म्हणण्यापेक्षा त्याला ते कधी दिसलेच नाही असे म्हणणे अधिक योग्य होईल.

या खाणकऱ्यांच्या खुणा पट्ट्यात जागोजाग आहेत. तांब्याच्या शिरा जमिनीवर जेथे उघड्या पडल्या होत्या तेथे त्यांच्या कडेने खणलेले अरुंद चर, बुजत आलेले खड्डे आणि धातुमळीचे ढीग एकोणिसाव्या शतकातील निरीक्षकांना आढळले. १८५४ साली हॉटन याने या भागातील खनिजांविषयी टिपण प्रसिद्ध केले. त्यानंतर एमिल श्टोर या जर्मन अभियंत्याने येथे तांबे काढण्याचा आधुनिक प्रयत्न केला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील व्हॅलेंटाइन बॉल याने जुन्या खाणींचे तपशीलवार वर्णन केले. हे प्राचीन खाणकरी म्हणजे सराक नावाने ओळखले जाणारे जैन गृहस्थ असावेत, असे मत बॉलने मांडले. त्याचा पुरावा मुख्यतः स्थानिक परंपरेचा आहे, हे विसरून चालणार नाही. या जुन्या लोकांचे काम मात्र कसोशीचे होते याविषयी दुमत नाही. दृश्यांशावर तांब्याचा हिरवा डाग दिसला आणि तो खणून पाहिला गेला नाही, असे स्थळ पट्ट्यात क्वचितच शिल्लक राहिले असेल. बहुतेक चर भूजलाच्या पातळीपाशी थांबतात. याची कारणे दोन : पाणी उपसण्याची साधने तोकडी होती; शिवाय त्या पातळीच्या वर तांब्याची कार्बोनेटे व ऑक्साइडे असतात, जी कोळशाच्या भट्टीत सहज वितळतात, तर खाली सल्फाइडे लागतात व ती आधी भाजून घ्यावी लागतात. विसाव्या शतकाच्या आरंभी केप कॉपर कंपनीने राखा येथे, आणि १९२४ साली स्थापन झालेल्या इंडियन कॉपर कॉर्पोरेशनने मोसाबनी येथे खोल खाणकाम केले. घाटशिलेजवळ मौभांडार येथे तांबे गाळण्याचा कारखानाही उभा राहिला. १९७२ मध्ये या उद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाले.

ज्या भूरचनेमुळे हे सर्व शक्य झाले ती म्हणजे सिंहभूमचा अपरूपण पट्टा. पश्चिमेस चक्रधरपूरच्या पलीकडे सुरू होऊन राखा व मोसाबनी यांवरून आग्नेयेस बहरागोड्यापर्यंत तो धनुष्याच्या आकारात सुमारे २०० किलोमीटर पसरलेला आहे; त्याची रुंदी कोठे १ किलोमीटर तर कोठे १० किलोमीटरपर्यंत भरते. धनुष्याच्या आतल्या बाजूस, म्हणजे दक्षिणेस, सुमारे ३३० कोटी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइटांचा ताठर गाभा आहे. उत्तरेकडील अभ्रकी सुभाजा व तत्सम खडक या गाभ्यावर दक्षिणेकडे रेटले गेले, आणि त्या रेट्यात मधला पट्टा चिरडला, भरडला व पुन्हा स्फटिकीभूत झाला. या चिरडलेल्या खडकांत क्लोराइट, कृष्णाभ्रक, मॅग्नेटाइट, ॲपेटाइट आणि तोरमल्ली यांची रेलचेल आहे, व त्यांच्यातच तांब्याची सल्फाइडे व युरेनिनाइट आढळतात. जे. ए. डन याने १९३७ साली प्रसिद्ध केलेला या भागातील खनिज निक्षेपांविषयीचा ग्रंथ, आणि त्यानंतर १९४२ साली डन व डे यांनी लिहिलेला पूर्व सिंहभूमच्या भूविज्ञानाचा ग्रंथ, हे या सर्व अभ्यासाचा पाया होत. त्यांचे काही निष्कर्ष आज स्वीकारले जात नसले तरी त्यांचा नकाशा हाती घेतल्याशिवाय या पट्ट्यात काम सुरू करता येत नाही.

१९४८ साली अणुऊर्जा आयोगाची स्थापना झाली तेव्हा देशात युरेनियमचा खाणीयोग्य साठा एकही ज्ञात नव्हता. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइटात थोरियम विपुल होते. युरेनियम त्यात अल्प. जुलै १९४९ मध्ये दाराशा नोशेरवान वाडिया यांच्या मार्गदर्शनाखाली दुर्मिळ खनिजांच्या सर्वेक्षणासाठी स्वतंत्र शाखा निर्माण करण्यात आली; पुढे १९५८ मध्ये तिला परमाणु खनिज विभाग हे नाव मिळाले. या शाखेने आरंभीच ज्या प्रदेशांकडे लक्ष वळविले त्यांत सिंहभूम अग्रभागी होता. ताम्रपट्ट्यातील ऑक्सिडीभूत खडकांत टॉर्बर्नाइट हे तांबे व युरेनियम यांचे हिरवे फॉस्फेट आढळल्याची नोंद होती. तांब्याच्या खाणीत हिरवा रंग ही इतकी सामान्य गोष्ट आहे की बारीक पापुद्र्यांच्या रूपातील टॉर्बर्नाइट मॅलाकाइटमध्ये लपून जाणे सहज शक्य होते. १९५० मध्ये गायगर-म्यूलर गणित्र हाती घेऊन भूवैज्ञानिक पट्ट्याच्या कडेने पायी फिरू लागले, आणि १९५१ मध्ये जादुगुडा येथील टेकडीच्या पायथ्याशी पहिला महत्त्वाचा निक्षेप हाती आला. त्यानंतर भाटिन, नरवापहाड, तुरामडीह, केरुआडुंगरी, बागजाता, कन्यालुका अशी स्थळे एकामागून एक नकाशावर आली. ही नामावळी पाहिली असता युरेनियमची स्थळे तांब्याच्या जुन्या स्थळांना लागून, कधी त्यांच्यामध्ये, पण बहुधा त्यांच्यावर नेमकी नाहीत हे ध्यानात येते.

या शोधातील मुख्य अडचण समजण्यासाठी गणित्र नेमके काय मोजते हे पाहिले पाहिजे. सर्वसाधारण समज असा की गणित्र युरेनियम मोजते. वस्तुतः तसे नाही. युरेनियम-२३८ स्वतः आल्फा कण उत्सर्जित करते, आणि ते कण हवेत काही सेंटिमीटरही जात नाहीत. त्याचे अर्धायुष्य सुमारे ४५० कोटी वर्षांचे. त्याच्या विघटनातून थोरियम-२३०, मग रेडियम-२२६, मग रेडॉन-२२२ हा वायू, आणि पुढे शिसे व बिस्मथ यांची अल्पायुषी समस्थानिके अशी वंशावळ चालते. जमिनीवर गॅमा किरणांची जी भर पडते ती बहुतांशी या वंशावळीच्या खालच्या टोकाची, विशेषतः बिस्मथ-२१४ ची असते. म्हणजे गणित्राला दिसतात ते युरेनियमचे दूरचे वंशज. खडक दीर्घकाळ अविचल राहिला असेल, तर पूर्वज व वंशज यांचे प्रमाण ठरलेले असते. एक टन युरेनियमाबरोबर सुमारे एक तृतीयांश ग्रॅम रेडियम असते. या स्थितीला समतोल म्हणतात, आणि समतोल असेल तोवर वंशजांची मोजणी ही पूर्वजाचीच मोजणी ठरते. समतोल बिघडला की दोन्हींचा संबंध तुटतो.

तांब्याच्या जुन्या खाणप्रदेशात तो हमखास बिघडलेला असतो. सल्फाइडांना हवा व पाणी मिळाले की सल्फ्यूरिक अम्ल तयार होते. अम्लयुक्त व ऑक्सिजनयुक्त पाण्यात युरेनियम विरघळून वाहून जाते. रेडियम मात्र सल्फेटाच्या सान्निध्यात अविद्राव्य राहते व लोहाच्या पिवळ्या-तांबड्या ऑक्साइडांना चिकटून बसते. थोरियम-२३० तर बहुधा जागचे हलतही नाही. परिणाम असा की जुन्या चरांतील गंजलेल्या खडकावर गणित्र मोठ्याने टिकटिकते, आणि तोच खडक रासायनिक प्रयोगशाळेत पाठविला तर युरेनियम नाममात्र निघते. याच्या उलटही घडते. वाहून गेलेले युरेनियम खाली, ॲपेटाइटातून सुटलेल्या फॉस्फेटाच्या सहवासात, टॉर्बर्नाइट किंवा ऑट्युनाइट या रूपाने पुन्हा बसते. हे खनिज भूवैज्ञानिक मापाने कालचे असल्यामुळे त्याचे वंशज अद्याप जन्मलेले नसतात. युरेनियम भरपूर असूनही गॅमा मोजणी कमी येते. नवशिका अन्वेषक पहिल्या फसगतीविषयी सावध असतो. दुसरी अधिक नुकसानकारक आहे, कारण तिच्यामुळे जे हातचे निसटते त्याची नोंदही राहत नाही.

ही गुंतागुंत सोडविण्याचा एक सुबक मार्ग बीटा व गॅमा यांच्या तुलनेचा आहे. युरेनियम-२३८ च्या अगदी जवळच्या वंशजांत प्रोटॅक्टिनियम-२३४ हे आहे, व ते प्रबळ बीटा कण सोडते. त्याच्या आधीचे थोरियम-२३४ केवळ २४ दिवसांच्या अर्धायुष्याचे असल्यामुळे युरेनियम कोठेही नव्याने बसले तरी काही महिन्यांतच ही जोडी त्याच्याशी समतोल साधते. म्हणून नमुन्याच्या बीटा मोजणीत युरेनियमचा स्वतःचा वाटा असतो, तर गॅमा मोजणीत रेडियमच्या वंशजांचा. दोन्ही मोजण्या मिळाल्या की समतोल कोणत्या बाजूला ढळला आहे हे कळते. नमुना कुटून हवाबंद डबीत तीन-चार आठवडे ठेवावा लागतो, कारण कुटताना निसटलेला रेडॉन पुन्हा भरून यावयास तेवढा काळ लागतो. ही दक्षता क्षुल्लक वाटते; परंतु तिच्या अभावी मोठमोठ्या तक्त्यांतील आकडे निरुपयोगी होतात.

खाणप्रदेशाने घातलेली दुसरी अडचण ढिगाऱ्यांची आहे. गॅमा किरण खडकाच्या किंवा मातीच्या वरच्या सुमारे अर्ध्या मीटरमधूनच बाहेर येऊ शकतात. त्याखालचे सर्व गणित्राला अदृश्य. त्यामुळे चराच्या तोंडाशी टाकलेला पातळ ढिगारा हा खालच्या शिरेपेक्षा अधिक ठळक दिसतो, आणि ढिगारा जेथे आहे तेथेच शीर असेल असे मानण्याचा मोह होतो. शतकानुशतकांच्या पावसाने हे ढिगारे उताराने पसरलेले असतात. ओढ्यांतील गाळाचे व पाण्याचे रासायनिक सर्वेक्षण कोऱ्या प्रदेशात फार उपयोगी पडते, पण येथे त्याचा अर्थ लावताना वरच्या अंगाला कोणता ढीग, कोणती भट्टी होती हे आधी नकाशावर मांडावे लागते. धातुमळीची गोष्ट तर विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. युरेनियमचे ऑक्सिजनशी सख्य एवढे घट्ट आहे की भट्टीत ते तांब्याबरोबर कधीच उतरत नाही. ते मळीत राहते. म्हणून गाळल्या गेलेल्या धातुकात युरेनियम असेल तर त्याची साक्ष मळीने द्यावी. पण मळी सापडते ती जेथे लाकूड व पाणी मिळाले तेथे, खाणीपासून दूर. तिने दिलेली साक्ष कोणत्या खाणीची, हे ती सांगत नाही.

मातीच्या आवरणाखालचे पाहण्यासाठी रेडॉनचा आधार घेतला जातो. जमिनीत लहानसे भोक पाडून तेथील हवा शोषून घ्यावयाची व तिची आल्फा क्रियाशीलता मोजावयाची, किंवा पुढील काळातील पद्धतीप्रमाणे आल्फा कणांचे ओरखडे उमटणारी प्लॅस्टिकची फीत काही आठवडे पुरून ठेवावयाची. रेडॉनचे अर्धायुष्य ३·८ दिवसांचे असल्यामुळे तो काही मीटर मातीतून वर येऊ शकतो. पावसाळ्यात मातीची रंध्रे पाण्याने भरतात आणि पद्धत जवळजवळ निकामी होते; कोरड्या ऋतूतील मोजणीही शेजारी बुजलेले जुने विवर असेल तर संशयास्पद ठरते, कारण तशा पोकळीत रेडॉन साठतो व मिळेल त्या फटीने वर येतो. हाच वायू खाणकऱ्यांच्या फुफ्फुसांत जातो. सॅक्सनीतील श्नेबेर्ग येथील खाणकऱ्यांचा जुना 'डोंगरी आजार' हा फुफ्फुसाचा दुर्धर अर्बुद आहे, हे हेर्टिंग व हेसे यांनी १८७९ सालीच दाखविले होते. रेडॉन व त्याचे वंशज यांच्याशी त्याचा संबंध पुढे विसाव्या शतकात जोडला गेला. जुन्या विवरात शिरण्यापूर्वी ते हवेशीर करून घेण्याचा नियम यासाठीच आहे.

पृष्ठभागावरील एवढ्या साऱ्या संशयांचा निकाल शेवटी वेधनानेच लागतो. सिंहभूममध्ये शिरा खडकांच्या पत्रणाला समांतर असून उत्तरेकडे वा ईशान्येकडे कललेल्या आहेत. जादुगुडा येथे ही नती सुमारे ४० अंशांची आहे. म्हणजे शिरेच्या दृश्यांशापासून नतीच्या दिशेने ५०० मीटर पुढे जाऊन उभे छिद्र घेतले तर शीर सुमारे ४२० मीटर खोलीवर भेटावी. एवढ्या खोलीवर ऑक्सिडीभवनाचा स्पर्श नसतो. समतोल पूर्ववत असतो. खडक स्वतःविषयी खरे बोलतो. अडचण उरते ती गाभ्याची. क्लोराइटयुक्त चिरडलेला खडक हिरकणीच्या मुकुटाखाली भुगा होऊन पाण्याबरोबर निघून जातो, आणि नेमका धातुकाचा भागच गाभ्यातून गहाळ होतो. म्हणून छिद्रात गॅमा गणित्र सोडून वरपासून खालपर्यंत अखंड आलेख घेण्याची पद्धत येथे अपरिहार्य ठरली. आलेखातील शिखराखालचे क्षेत्रफळ हे शिरेची जाडी व तिच्यातील युरेनियमचे प्रमाण यांच्या गुणाकाराशी निगडित असते. गाभा न मिळालेल्या ठिकाणीही त्यामुळे साठ्याचे गणित करता येते. जादुगुड्याच्या दोन समांतर शिरा या रीतीने खोलवर अनुसरता आल्या. तेथील मुख्य विवर ६४० मीटरपर्यंत नेण्यात आले, व पुढे आतूनच दुसरे विवर खणून काम ९०५ मीटर खोलीपर्यंत पोचले.

तांबे व युरेनियम यांचे नाते काय, या प्रश्नाला या वेधनांनी दिलेले उत्तर सरळ नाही. मोसाबनीच्या ताम्रधातुकात युरेनियम आहे, पण युरेनियमची खाण चालविण्याइतके नाही. जादुगुड्याच्या युरेनियम-धातुकात तांबे, निकेल व मॉलिब्डेनम आहेत, पण त्यांच्यासाठी ती खाण कोणी उघडली नसती. दोन्ही धातूंनी एकच पट्टा निवडला. त्या पट्ट्यातील जागा मात्र पुष्कळ अंशी निरनिराळ्या. सूक्ष्मदर्शकाखाली युरेनिनाइट आधीचे व तांब्याची सल्फाइडे बहुधा नंतरची दिसतात. यावरून दोहोंना जन्म देणारा द्रव एकच होता, हा डनच्या काळचा सोपा ग्रह टिकत नाही. सोडायुक्त ग्रॅनाइटातून निघालेले उष्ण द्रव, हे डनचे स्पष्टीकरण होते. त्यानंतर असे मत पुढे आले की पट्ट्याच्या तळाशी असलेल्या क्वॉर्ट्झच्या गोट्यांच्या पिंडाश्मात युरेनिनाइटाचे कण मूळ गाळाबरोबरच आले, कारण त्या काळच्या वातावरणात ऑक्सिजन इतका अल्प होता की ते कण नदीतून वाहतानाही विरघळले नसते. आणि पुढे अपरूपणाच्या वेळी हे युरेनियम हलून शिरांमध्ये साठले. मॅग्नेटाइट व ॲपेटाइट यांच्या विपुलतेमुळे काही अभ्यासक या पट्ट्याची तुलना ऑस्ट्रेलियातील ऑलिंपिक डॅमसारख्या लोह-तांबे-युरेनियम निक्षेपांशी करतात. वयनिश्चितीतून पूर्वी १६० कोटी वर्षांच्या आसपासचे आकडे मिळाले होते. नंतरच्या सूक्ष्म उपकरणांनी काही कण त्याहून २०-३० कोटी वर्षांनी जुने ठरविले. एकाच घटनेपेक्षा पुनःपुन्हा झालेल्या हालचालींचा पक्ष त्यामुळे बळकट झाला आहे. हा वाद केवळ शास्त्रीय नव्हे. युरेनियम मुळात पिंडाश्मात असेल तर शोध थराच्या मागाने करावयाचा. द्रवांनी आणलेले असेल तर भेगांच्या मागाने. वेधनाचे यंत्र कोठे उभे करावयाचे हे त्यावर ठरते.

धातुकाच्या प्रतीविषयी कोणताही भ्रम नसावा. जादुगुड्याच्या धातुकात युरेनियमच्या ऑक्साइडाचे प्रमाण शेकडा ०·०६ च्या आसपास आहे, म्हणजे एका टनात सुमारे ६०० ग्रॅम. भूकवचाच्या सरासरीच्या मानाने हे दोनशेपट अधिक असले, तरी जगातील समृद्ध निक्षेपांपुढे ते अगदी किरकोळ. केवळ किंमतीचा विचार केला असता तर ही खाण कदाचित उघडलीच नसती. बाहेरून युरेनियम मिळण्यावर ज्या अटी होत्या त्या नको असणे, हा निर्णायक हेतू होता. जानेवारी १९५९ मध्ये मुंबईनजीक तुर्भे येथील संयंत्रात अणुभट्टीच्या योग्यतेचा पहिला शुद्ध युरेनियम धातू तयार झाला. १९६७ मध्ये युरेनियम कॉर्पोरेशनची स्थापना झाली व १९६८ मध्ये जादुगुडा येथील गिरणी सुरू झाली. पुढे कडप्पा खोऱ्यातील तुम्मलपल्ले येथे फार मोठा साठा सिद्ध झाल्यानंतरही सिंहभूमचे महत्त्व संपलेले नाही.

प्रत हलकी असण्याचा दुसरा अर्थ असा की जवळजवळ सर्व खडक दळून परत द्यावा लागतो. गिरणीत युरेनियम निघते. थोरियम-२३०, रेडियम व त्यांचे वंशज गाळात राहतात. मूळ धातुकाच्या किरणोत्सर्गापैकी सुमारे ८५ टक्के गाळाबरोबर जातो. हा गाळ चुन्याने उदासीन करून, त्यातील जाडा भाग खाणीतील पोकळ्या भरण्यासाठी परत पाठवितात. बारीक भाग टेकड्यांमधील बांध घातलेल्या तलावांत साठवितात. या तलावांच्या आसपास संथाळ, हो, भूमिज यांची गावे आहेत. त्यांच्या जमिनीविषयी आणि आरोग्याविषयी १९९० नंतर मोठा वाद झाला. तो अजूनही शमलेला नाही. डिसेंबर २००६ मध्ये गाळ नेणारी नळी फुटून तो ओढ्यात उतरला. अन्वेषकाच्या अहवालात साठ्याचे टन असतात, तलावाच्या जागेचा विचार मात्र नंतरच्या अभियंत्यावर सोडलेला असतो. ही विभागणी प्रशासनाच्या सोयीची असेल, पण भूविज्ञानाच्या दृष्टीने तिला आधार नाही. कारण तलावाखालच्या खडकातील भेगा, नती व भूजलाची वाट यांची माहिती असते ती अन्वेषकाजवळच.

ताम्रपट्ट्यातील गाळाचा एक निराळाही उपयोग झाला. मोसाबनी, सुरदा व राखा येथील ताम्रधातुकातून तांबे काढून घेतल्यावर उरलेल्या गाळातील युरेनिनाइट जड असते. हलत्या टेबलांवर पाण्याच्या पातळ प्रवाहात ते इतर खनिजांपासून वेगळे काढता येते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या तिन्ही ठिकाणी अशी संयंत्रे उभारण्यात आली आणि तेथील संकेंद्रित माल जादुगुड्याला जाऊ लागला. तांब्याच्या खाणी बंद पडल्या तेव्हा ती संयंत्रेही थांबली.

वापरून झालेले गाळाचे तलाव वरून मातीने झाकले जातात. त्यांतील रेडियमचे अर्धायुष्य १६०० वर्षांचे आहे. परंतु त्याचा जनक थोरियम-२३० तेथेच असल्यामुळे व त्याचे अर्धायुष्य ७५,००० वर्षांचे असल्यामुळे रेडियमची भर पडतच राहील. आवरण धुपून गेले, तर त्या जागी युरेनियम जवळजवळ नसतानाही पुढच्या कोणत्याही सर्वेक्षकाचे गणित्र तेथे टिकटिकू लागेल.